समुद्राची जागल कोण करणार?

आमच्या तुमसर तालुक्यातून कोणत्याही दिशेनं निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेलाच नाही, ज्यांनी पाहिला त्यांनीही कोणाच्या दवाखान्याच्या कामानं मुंबईला गेले तेव्हा चौपाटीवर अर्धा तास उभं राहून. तरी मागं पानठेल्यावर समुद्राचा विषय निघाला. पेपरात आलं होतं की भारत मत्स्य ६००० नावाची पाणबुडी बनवून राहिला, तीन माणसं बसून सहा हजार मीटर खाली जाणार, आणि तिथं तळाशी मँगनीज आहे, निकेल आहे, कोबाल्ट आहे, ते पुढंमागं वर काढायचं आहे. आमच्याकडं मँगनीज म्हटलं की कान टवकारतातच, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी इथं तालुक्यातच, घरटी कोणी ना कोणी तिथं राबलेलं. शेजारचे काकाजी म्हणाले, "मँगनीज तं आपल्या इथंच हाये बाप्पा, तेवढ्यासाठी समुद्रात कायले जाता?" त्यावर एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना काकाजी, आपल्याले काय करायचं समुद्राचं." आणि दुसऱ्यानं निकालच देऊन टाकला, "माणसाची जातच हावरी हाये, जिथं जाईन तिथं खाऊन टाकीन, स्वभावाले औषध नाही."

ही दोन वाक्यं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीयेत. मला दोन्ही चूक वाटतात, आणि चूक तर चूक, घातकही वाटतात, कारण ही बोलली की माणूस हात झटकून मोकळा होतो. समुद्र आपला नाही आणि स्वभाव बदलत नाही, मग करायचं काहीच उरत नाही.

पहिल्या वाक्याचं उत्तर आमच्या मंगळवारच्या बाजारातच मिळते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. एका बुधवारी आदल्या दिवशीच्या बाजारातली पावशेर सुकट वर्गात नेली आणि जुन्या पेपरवर पसरवली, सातवीची पोरं गोल करून बसली आणि हातानं वेगळं करायला लागली. बहुतेक सगळा जवळा, गुलाबी, नखाएवढा, प्रत्येकाले दोन काळे टिंबासारखे डोळे. पण त्यात काय काय निघालं बघा. दोऱ्यासारखी बोंबलाची पिल्लं, करंगळीच्या नखाएवढा एक खेकडा, माकुळाचं एक बाळ, निळ्या नायलॉन जाळ्याचा तुकडा, आणि एक चपटी चांदीच्या टिकलीसारखी गोष्ट जी एका पोरीनं उचलून फूटपट्टीवर ठेवली आणि म्हणाली, "सर, हे तं पापलेटचं पिल्लू हाये." साडेचार सेंटिमीटर भरलं. वाळून थोडं आकसलं असेल असं धरलं तरी पाच.

आता सरकारचा नियम सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा जाहीर झाला, तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री आपल्या चंद्रपूरचेच होते. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही, आणि पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. म्हणजे आमच्या वर्गातलं ते पिल्लू कायद्याच्या एक तृतीयांश होतं. जवळ्यासाठी बारीक आसाचं जाळं टाकलं की त्यात हे येणारच, ते वेगळं कोण करत बसते, तसंच वाळवलं, पोत्यात भरलं, आणि हजार किलोमीटर येऊन आमच्या बाजारात पसरलं. आम्ही ते कांदा-तिखट घालून भाकरीबरोबर खाल्लं. मग समुद्र आपला कसा नाही? खाणारा हात आपला आहे.

पावसाचं तर बोलायलाच नको. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून वारं निघालं नाही तर आमचे धानाचे पऱ्हे बांधीतच पिवळे पडतात. २०२३ चा ऑगस्ट आठवत असेल, देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आणि त्यामागं पार पॅसिफिक समुद्रातलं पाणी तापलं होतं, ज्याले एल निनो म्हणतात. हे नाव कोण्या शास्त्रज्ञानं नाही ठेवलं, पेरू देशाच्या कोळ्यांनी ठेवलं, नाताळच्या सुमारास पाणी गरम व्हायचं आणि मासळी गायब व्हायची म्हणून त्यांनी त्याले बाळ येशूचं नाव दिलं. त्याच पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्हेटा नावाची छोटी मासळी होती, बोटभर, ती लोक खात नव्हते, दळून कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात घालायचे. १९७० मध्ये वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आसपास काढली, मर्यादा सोडून काढली, आणि त्यावर १९७२ चा एल निनो आला. १९७३ मध्ये हाती आली वीस लाख टनांच्या आसपास. जगात खाद्याची बोंब झाली, सगळे सोयाबीनच्या ढेपेकडं धावले, इतर कारणंही होती पण अमेरिकेनं जून १९७३ मध्ये सोयाबीनची निर्यातच थांबवली काही काळ, आणि सोयाबीनसाठी अमेरिकेवर विसंबलेला जपान पुढं ब्राझीलमध्ये सोयाबीन वाढवायला पैसा घेऊन गेला. माझे साडू वर्धेकडं सोयाबीन घेतात, रोज सकाळी मोबाईलवर ब्राझीलचं पीक कसं आहे ते पाहतात. त्यांच्या सोयाबीनच्या दराचा एक धागा पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या बोटभर मासळीपर्यंत जातो.

पण माझा खरा वाद दुसऱ्या वाक्याशी आहे, हावऱ्या स्वभावाशी.

आमच्या गावाले एक मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातला तलाव, पूर्व विदर्भात असे हजारो आहेत. काकाजी ढिवर समाजाचे, त्यांचा बाप, आजा याच तलावावर जगला. माझ्या लहानपणी तिथली रीत अशी होती की मृगाच्या पावसात मासे चढणीले लागले की जाळं टाकायचं नाही, आणि तलावाच्या मधोमध जो डोह होता त्याले वर्षभर हात लावायचा नाही, उन्हाळ्यात पाणी आटलं तरी डोहात मरळ राहायची, त्याच मरळीची पुढच्या वर्षी पिल्लं. कोणी लिहून ठेवलं नव्हतं. मग तलावातल्या मासेमारीच्या ठेक्याची रक्कम वाढत गेली, गावच्या मच्छीमार संस्थेकडं पैसा नव्हता, तेव्हा कागदावर ठेका संस्थेच्या नावानं राहिला आणि प्रत्यक्षात बाहेरचा एक ठेकेदार आला. त्यानं एप्रिल महिन्यात डोहाले मोटर लावली. तीन दिवस मोटर चालली, चौथ्या दिवशी चिखलात हातानं मासे वेचले, टेम्पोत बर्फ टाकून रात्रीच गाडी गेली. पुढच्या वर्षी मरळ दिसली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

तो माणूस राक्षस नव्हता हे मी मुद्दाम सांगतो. आमच्या ओट्यावर बसून चहा पिला, माझ्या पोराच्या हातावर वीस रुपये ठेवले, घरच्या पोरीच्या लग्नाचं सांगत होता. स्वतःच्या गावच्या तलावाले त्यानं मोटर लावली असती असं मला वाटत नाही. इथं त्याले पुन्हा यायचं नव्हतं, कोणाच्या तोंडाले तोंड द्यायचं नव्हतं. आणि आपलं तेवढं झाकायचं असंही नको, ठेकेदार गेल्यावर दोन वर्षं राखणच मोडली तेव्हा आमच्याच गावची पोरं रात्री बॅटरीचा करंट लावून मासे मारायची. तीच पोरं जी दिवसा काकाजींच्या पाया पडतात. माणसं तीच, तलाव तोच, स्वभावही तोच असणार. फरक फक्त एवढा की आधी कोणीतरी पाहत होतं आणि नंतर कोणी पाहत नव्हतं.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं लिहिलं की सामाईक कुरण असलं की प्रत्येक जण आपली एक गाय वाढवतो आणि शेवटी कुरण मरते, टाळता येत नाही. आपल्या पानठेल्यावरचंच वाक्य, फक्त इंग्रजीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंनी मात्र जगभरातल्या खऱ्या गावांचे दाखले तपासले, कुरणं, पाट, कोळीवाडे, आणि त्याच कामासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या दाखल्यांत तुर्कस्तानातलं अलान्या नावाचं बंदर आहे. तिथले कोळी दरवर्षी सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून मासेमारीच्या जागा वाटतात, मग रोज प्रत्येक जण एक जागा पुढं सरकतो, म्हणजे चांगली जागा आज ना उद्या सगळ्यांच्या वाट्याले येते. आणि चोरी कोण पकडते? ज्याची आज त्या जागेची पाळी आहे तो स्वतः पहाटे तिथं हजर असतो, दुसरा कोणी दिसला की तिथंच धरतो. वेगळा पहारेकरी लागतच नाही. पाटाच्या पाण्याची पाळी ज्यानं पाहिली त्याले हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि हे माणसापुरतंच नाही हे मला समुद्रानंच शिकवलं. प्रवाळाच्या खडकांत, आपल्या लक्षद्वीप-अंदमानातही, एक बोटभर निळा-काळा पट्ट्याचा मासा असतो, क्लीनर रास म्हणतात, आपण सफाई मासा म्हणू. त्याचं एक ठरलेलं ठिकाण असते, जसं गावात न्हाव्याचं दुकान, आणि मोठे मासे तिथं रांगेनं येऊन थांबतात. हा त्यांच्या अंगावरचे, कल्ल्यातले, तोंडातलेसुद्धा बारीक किडे खाऊन काढतो. शिकारी मासा आ करून थांबतो आणि हा त्याच्या दातांमधून आत जाऊन बाहेर येतो. दिवसाला दोन हजारांच्या आसपास गिऱ्हाईकं करतो एक मासा. पण गोम अशी आहे की त्याले किडे तेवढे आवडत नाहीत, त्याले आवडते गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चिकट थर, जो त्या माशाच्या कामाचा असतो. तो थर खाल्ला की गिऱ्हाईक दचकते, झटका देते. म्हणजे बेइमानी मोजता येते, किती झटके दिले ते मोजायचे. रेदुआन बशारी नावाच्या शास्त्रज्ञानं लाल समुद्रात पाण्याखाली बसून हे तासन् तास मोजलं. त्यांना दिसलं की ज्या माशाले दुसऱ्या दुकानात जाता येते त्याले हा सफाई मासा आधी घेतो आणि नीट वागवतो, आणि जो तिथलाच आहे, जाऊन जाऊन जाणार कुठं, त्याले थांबवून ठेवतो. पुढं २००६ मध्ये बशारी आणि अलेक्झांड्रा ग्रटर यांनी नेचर मासिकात छापलं की बाजूले दुसरं गिऱ्हाईक उभं राहून पाहत असलं की हाच मासा जास्त इमानदारीनं किडे खातो, थराले तोंड कमी लावतो. पाहणारा मासाही हिशेब ठेवतो, जो इमानदार दिसला त्याच्याकडंच जातो.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा पोरं एकदम शांत झाली. बोटभर मासा, मेंदू ज्वारीच्या दाण्याएवढाही नसेल, आणि नजर बदलली की त्याची वागणूक बदलते. मग माणूस हावरा की भला हा प्रश्नच मला अर्धवट वाटायला लागला. दोन्ही आहे तो, मासाही दोन्ही आहे. विचारायचं असेल तर हे विचारा की तो जिथं आहे तिथं बाजूले कोण उभं आहे. आणि समुद्राची अडचण हीच आहे की तिथं बाजूले कोणी उभं नसते.

कोणी नसलं की काय होते याचा पुरावा देवमाशांच्या रक्तानं लिहिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियाच्या जहाजांनी दक्षिणेच्या समुद्रात १९७२-७३ पर्यंत हंपबॅक देवमासे मारले, त्यांनी जगाले आकडा दिला २,७१०. खरा आकडा ४८ हजारांच्या वर होता. हे बाहेर आलं १९९३-९४ मध्ये, रशियाच्याच शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेल्या खऱ्या नोंदी उघड केल्या तेव्हा. आणि मारले कशासाठी? मांस खायला पुरतं कामाले आलं असंही नाही, वरून टनांचं टार्गेट होतं, ते भरायचं होतं, पुष्कळसं तर वाया गेलं. आपल्या दाराशीही आले ते, १९६६ च्या नोव्हेंबरात अरबी समुद्रात ओमान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य किनाऱ्याजवळ २४२ हंपबॅक मारून नेले. अरबी समुद्रातले हंपबॅक वेगळे आहेत, ते इतरांसारखे ध्रुवाकडं ये-जा करत नाहीत, बारा महिने इथंच राहतात, आणि आज ते शंभराच्या आत उरलेत असा अंदाज आहे. आता पुढचं वाचा. १९७२ मध्ये ठरलं की प्रत्येक जहाजावर दुसऱ्या देशाचा निरीक्षक बसेल. त्यानंतर हा मोठा चोरधंदा जवळजवळ थांबला. रशियन माणसाचा स्वभाव एका वर्षात बदलला नव्हता, डेकवर एक परका माणूस वही घेऊन उभा राहिला होता.

पण नुसती नजर पुरत नाही, कोणाच्या नजरेवर विश्वास ठेवायचा हेही ठरवावं लागते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये कॉड माशावर शेकडो वर्षं गावं जगली. १९६८ मध्ये तिथं आठ लाख टन कॉड काढला, बहुतेक मोठमोठ्या ट्रॉलरनी. ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावरचे छोटे कोळी सांगत होते की मासा लहान येऊन राहिला, कमी येऊन राहिला, काहीतरी बिघडलंय. सरकारी हिशेब मात्र मोठ्या ट्रॉलरच्या आकड्यांवर बराच टेकलेला होता, आणि ट्रॉलरकडं आवाजाच्या लहरींनी मासा शोधायचं सोनार नावाचं यंत्र होतं, उरलेला मासा जिथं गोळा होत होता तिथंच जाऊन ते काढायचे, म्हणून त्यांचा माल कमी दिसतच नव्हता. २ जुलै १९९२ ले सरकारनं मासेमारी बंद केली, एका दिवसात तीस हजार लोकांचं काम गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून बंद केली होती, ती उठली २०२४ मध्ये, फक्त १८ हजार टनांच्या परवानगीनं. शास्त्र खोटं होतं असं मी म्हणत नाही, मी शास्त्रच शिकवतो. पण शास्त्रानं ज्याचे पाय ओले आहेत त्याले विचारलं नाही, आणि तिथं ते फसलं. काकाजींनी पण आमच्या तलावाचं आधीच सांगितलं होतं, मरळ पातळ झाली म्हणून, ठेक्याच्या मीटिंगमध्ये त्यांना खुर्चीसुद्धा मिळाली नव्हती.

आता वळतो त्या मँगनीजकडं, ज्यावरून हे सगळं सुरू झालं. हिंदी महासागराच्या मधोमध, पाच हजार मीटरपेक्षा खोल, तळावर बटाट्यासारखे काळे गोटे पसरलेत. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या चालीनं ते वाढतात. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण आहे, त्यांच्याशी भारताचा २००२ मध्ये करार झाला, ७५ हजार चौरस किलोमीटरवर शोध घ्यायचा हक्क आपल्याकडं आहे. पूर्ण विदर्भ ९७ हजारांचा, म्हणजे विदर्भाचा पाऊण भाग. २०२१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं ५,२७० मीटर खोलीवर खाणकामाचं यंत्र चालवून पाहिलं. ही कामगिरी मोठी आहे, मला तिचा अभिमान आहे, पोरांना मी व्हिडिओ दाखवला. खोल जायलाच पाहिजे, पाहायला तर जायलाच पाहिजे. माझा प्रश्न काढण्याचा आहे.

आमच्या भागातली खाण कशीही असो, ती दिसते. धूळ उडाली तर कपडे काळे होतात, ढिगारा सरकला तर बांधी बुजते, ट्रक जास्त झाले तर बाया रस्त्यावर बसतात, ग्रामसभा होते, तहसीलदार येतो. भांडण असते पण भांडायले माणूस तरी असते. पाच हजार मीटरवर कोणाची बांधी बुजणार, कोण रस्त्यावर बसणार? पेरूच्या समुद्रात चार हजार मीटरपेक्षा खोल जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये तळावर नांगरासारखं यंत्र ओढून पाहिलं होतं, काय होते ते बघायसाठी. २६ वर्षांनी, २०१५ मध्ये पुन्हा खाली गेले तर चाकोऱ्या कालच ओढल्यासारख्या तशाच. आपल्या शेतात नांगरलेलं एका पावसात बसते, तिथं पाऊसच नाही, गाळ बसतो तो वर्षाला केसाएवढाही नाही. तिथंच २०१६ मध्ये कळलं की एका पांढऱ्या ऑक्टोपसची मादी त्या गोट्यांवर उगवलेल्या मेलेल्या स्पंजाच्या दांड्यावर अंडी घालते. गोटा उचलला की दांडा गेला, दांडा गेला की अंडी ठेवायला जागा नाही.

लोक म्हणतात देशाले निकेल-कोबाल्ट लागते, बॅटऱ्या लागतात, बाहेरून किती दिवस आणायचं. ही गोष्ट खरी आहे आणि मी ती टाळत नाही. पण आज जगातल्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी मोठा हिस्सा एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटरीवर चालतो, त्यात निकेलही नाही, कोबाल्टही नाही, म्हणजे ज्याच्यासाठी तळ खरवडायचा त्याची गरजच दहा वर्षांत बदलू शकते, आणि गोटे कुठं पळून चाललेत? ते कोट्यवधी वर्षं थांबलेत. तीसपेक्षा जास्त देशांनी या खाणकामावर थांबा असं म्हटलंय, भारत त्यात नाही. असावा असं मला वाटते. कायमचं नाही म्हणा असं मी म्हणत नाही, आधी जागल बसवा म्हणतो. ज्या ७५ हजार चौरस किलोमीटरचा करार आपल्या नावानं झालाय तिथं काय काय जगते त्याची यादी मराठीत, तमिळमध्ये, मल्याळममध्ये लोकांसमोर ठेवा. यंत्र खाली उतरलं तर त्याचा कॅमेरा कंपनीच्या हातात नको, तिसऱ्याच्या हातात असू द्या, देवमाशांच्या जहाजावर परका निरीक्षक बसवला तसा. आणि जी समिती ठरवेल तिच्यात कोळ्याले बसवा, खुर्ची देऊन बसवा. वरच्या पाण्यातही हेच. सॅटेलाइटनं पाहिलं तेव्हा २०२४ मध्ये कळलं की जगातल्या मोठ्या मासेमारी जहाजांपैकी चारातली तीन कोणत्याही जाहीर ट्रॅकिंगमध्ये दिसतच नाहीत. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यंत्रावर चालणाऱ्या होड्यांची मासेमारी बंद असते, छोटा कोळी तेव्हा होडी ओढून घरी बसतो, उधारी काढून दिवस काढतो. तो ज्या पिल्लासाठी दोन महिने उपाशी राहतो ते पिल्लू ऑगस्टमध्ये बारीक जाळ्यात जाणार असेल तर त्याच्या त्यागाले काय अर्थ राहिला?

जागल हा शब्द मी उगाच नाही वापरत. धान निसवले की आमच्याकडं रात्री बांधीवर मचानावर बसावं लागते, रानडुकरं येतात. मीही बसतो. तिथं झोप येऊ नये म्हणून मागच्या वर्षी मोबाईलवर वाचलं ते मी विसरू शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे घळीत १,४०० मीटर खोल एका कपारीवर २००७ च्या मे महिन्यात शास्त्रज्ञांना एक ऑक्टोपस मादी अंड्यांवर बसलेली दिसली, अंगावरच्या व्रणांवरून ती ओळखू यायची. पाणी तीन अंश, काळोख. ते पुन्हा गेले, ती तिथंच. पुन्हा गेले, तिथंच. एकदा यंत्राच्या हातानं खेकड्याचा तुकडा पुढं केला, तिनं घेतला नाही. जवळून खेकडे, झिंगे जायचे, ती त्यांना अंड्यांपासून दूर सारायची, खायची नाही. रंग उडत गेला, कातडी सैल पडली, डोळे धुरकट झाले. सप्टेंबर २०११ मध्ये ती शेवटची दिसली. त्रेपन्न महिने. ऑक्टोबरमध्ये गेले तर ती नव्हती, अंड्यांची रिकामी टरफलं होती, पिल्लं निघून गेली होती. अठरा वेळा ते शास्त्रज्ञ तिच्याकडं परत गेले, काही काढायले नाही, फक्त ती आहे का पाहायले. माझ्या मते विज्ञानाचं सगळ्यात चांगलं रूप हेच आहे. मचानावर टॉर्च बंद करून मी किती तरी वेळ तसाच बसलो होतो.

आमच्या तलावाचं सांगायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी संस्थेनं ठेका पुन्हा स्वतः चालवायचा ठरवला, काकाजींनी डोहाच्या चारी बाजूले बांबू रोवून घेतले, त्याच्या आत जाळं नाही. करंटवाल्या पोरांपैकी दोघांना रात्रीची पाळी दिली. रोहू-कातल्याची बोटुकली सोडली आहे, मरळीची मात्र विकत आणली नाही, काकाजी म्हणतात नाल्यातून येईन ते आपोआप. यंदा पावसाळ्यात बांधाच्या कडेले लाल पिल्लांचा एक गोळा पाण्यात फिरताना दिसला आणि खाली मोठी सावली. मरळच असावी, ती पिल्लं मोठी होईपर्यंत सोडत नाही.

वर्गात आता सुकटीची वही आहे. दर बुधवारी पावशेर सुकट, काय निघालं, किती लांब, तारीख टाकून. वर्षभराची झाली की झेरॉक्स काढून भंडाऱ्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्यायची आणि एक मुंबईले पाठवायची असं पोरांनीच ठरवलंय. पुढच्या मंगळवारी त्यांना बाजारातच फूटपट्टी घेऊन बसायचं आहे, सुकटवाल्या मावशीले विचारलं तर ती बसा म्हणाली, फक्त गिऱ्हाईक असताना बाजूले सरका.